एकच ‘रन’, अर्थ शेकडो: अनेकार्थी इंग्रजी शब्द मुळापासून कसा शिकावा

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशासाठी ‘रन’ या शब्दाची नोंद नव्याने लिहायचं काम पीटर गिलिव्हर या संपादकांकडे होतं. त्यात त्यांचे नऊ महिने गेले आणि एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. आपल्याकडे शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ एवढं एकदा पाठ होतं आणि मुलं पुढची कित्येक वर्षं तेवढ्याच भांडवलावर काढतात. मग कधीतरी ‘हर नोज इज रनिंग’ असं वाक्य समोर येतं आणि मराठी माध्यमातली चांगली हुशार मुलगी तिथे अडते. नाक धावेल कसं?

यात त्या मुलीचा काही दोष नाही. तिला शब्द दिला, पण शब्दाचा माग कसा काढायचा ते कोणी दाखवलं नाही. मी पुण्यात भाषांतराचं काम करते आणि मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. दोन्हीकडे जी पद्धत हमखास उपयोगी पडते ती इथे सविस्तर मांडते आहे. उदाहरणाला ‘रन’ घेतला आहे, कारण पुण्यात तो क्रिकेटच्या मैदानापासून भोसरीच्या वर्कशॉपपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे, भाषांतर करणारे, घरी मुलांचा अभ्यास घेणारे आईवडील, सगळ्यांना ही पद्धत वापरता येईल.

सुरुवातीलाच एक आग्रहाचं सांगणं. अर्थांच्या याद्या पाठ करू नका. यादीतला सतरावा अर्थ नेमका हवा तेव्हा आठवत नाही, कारण तो कुठल्या प्रसंगाशी बांधलेला नसतो. गोळा करायची ती वाक्यं.

पायरी पहिली: चिठ्ठ्या करा

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये सुरू झालं. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचायचे, शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य ग्रंथाच्या संदर्भासकट एका चिठ्ठीवर उतरवायचं, मग त्या शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या समोर मांडून अर्थ ठरवायचे, अशी ती पद्धत. अशा जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तिथे जमल्या आणि कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. ऑक्सफर्डचा कोशही असाच, वाचकांनी ठिकठिकाणाहून पाठवलेल्या लाखो चिठ्ठ्यांवर उभा राहिला. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये आला, शेवटचा १९२८ मध्ये. या दोन्ही कोशांत आधी वाक्यं जमली आणि अर्थ त्यांतून काढले गेले. आपणही घरच्या घरी, छोट्या प्रमाणावर, हेच करायचं आहे.

पाठकोऱ्या कागदाचे चार-चार तुकडे करा किंवा अप्पा बळवंत चौकातून कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा आणा. प्रत्येक चिठ्ठीवर एकच वाक्य, तेही पूर्ण. अर्धवट तुकडा लिहू नका, कारण अर्थ ठरवणारा शब्द बहुतेक वेळा त्या गाळलेल्या भागातच असतो. वाक्याखाली ते कुठे दिसलं किंवा ऐकलं ते लिहा: पेपर, औषधाच्या खोक्यातला कागद, वॉशिंग मशिनचं माहितीपत्रक, क्रिकेटची कॉमेंट्री, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा निरोप. मागची बाजू कोरी ठेवा. मराठी अर्थ तिथे नंतर येणार आहे, आत्ता नाही.

एक चिठ्ठी नमुन्यादाखल पाहा. वरच्या कोपऱ्यात ‘रन’. खाली वाक्य: ‘डू नॉट वॉश विथ व्हाइट्स, द कलर मे रन.’ त्याखाली: सुती ओढणीच्या आतली पट्टी, लक्ष्मी रस्त्यावरची खरेदी. एवढंच. ही चिठ्ठी हातात घेतली की ‘रंग धावेल’ असं कोणाच्या मनातही येत नाही. ओढणी समोर दिसते, बादलीतलं रंगीत पाणी दिसतं आणि दुकानात आपणच विचारतो तो प्रश्न आठवतो: ‘रंग जाणार नाही ना?’ झालं, अर्थ मिळाला. रंग जातो.

मोबाइलमध्ये टिपून ठेवलं तरी चालेल, पण पुढच्या पायरीत चिठ्ठ्या सतरंजीवर पसरून हाताने लावायच्या आहेत, म्हणून मी कागदाच्या बाजूची आहे. तीस-चाळीस वाक्यं जमेपर्यंत पुढे जाऊ नका. त्याआधी वर्गवारी केली तर दोन-तीनच ढीग पडतात आणि शब्द आपल्याला कळला असं उगाच वाटायला लागतं.

पायरी दुसरी: ‘कोण?’ असं विचारून ढीग लावा

ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे सावकाश जाऊ.

प्रत्येक चिठ्ठी उचला आणि एकच विचारा: या वाक्यात ‘रन’ होणारं कोण आहे, काय आहे? माणूस, पाणी, यंत्र, रस्ता की मुदत? उत्तराप्रमाणे ढीग लावा. मराठीत क्रियापद कोणतं येणार ते कर्ता ठरवतो, आणि ‘रन’च्या बाबतीत तर जवळजवळ तोच सगळं ठरवतो.

पहिला ढीग पायांचा. माणूस, कुत्रा, घोडा. इथे धावणे किंवा पळणे. हा ढीग लहानच निघेल.

दुसरा ढीग द्रवाचा. नदी, नळ, नाक, डोळे, रंग, शाई, मेण. हा अर्थ नंतर कोणी चिकटवलेला नाही, या शब्दाच्या कुळातच वाहणं आहे. त्याचा जर्मन भाऊबंद ‘रिनेन’ आजही वाहणे, झिरपणे या अर्थानेच वापरतात. म्हणून इंग्रज माणसाचं नाक ‘रन’ होतं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर धावण्याचं चित्र नसतंच. आता मराठीची श्रीमंती बघा. मुठा शहरातून वाहते. नाक गळतं किंवा वाहतं. डोळ्यांतून पाणी येतं. कच्च्या कागदावर शाई फुटते. ओढणीचा रंग जातो. मेणबत्तीचं मेण ओघळतं. नळ मात्र ‘चालू राहिला’. इंग्रजीचा एक शब्द, आपली सहा-सात क्रियापदं. विद्यार्थ्याने मराठी नीट जपली असेल तर हा ढीग त्याला जड जात नाही. जड जातं ते ज्याला ‘शाई फुटली’ हे मराठीतच ठाऊक नाही त्याला. म्हणून इंग्रजी सुधारायचं तर आधी घरातली मराठी सुधारा, असं मी पालकांना अगदी मनापासून सांगते.

तिसरा ढीग यंत्राचा आणि कारभाराचा. पंखा, पंप, इंजिन, कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम, दुकान, शाळा, खानावळ. इथे मराठी जवळजवळ डोळे झाकून चालणे वापरते. पंप चालतो, दुकान चालतं, नाटकही चालतं. इंग्रजीत नाटकाचा ‘लाँग रन’ होतो. बालगंधर्वच्या आवारात उभा असलेला प्रेक्षक ‘नाटक जोरात चाललंय’ म्हणेल किंवा प्रयोगांचा आकडा सांगेल. इंग्रजी जिथे पळतं तिथे मराठी चालते, हे एवढं सूत्र या ढिगासाठी पुरेसं आहे.

गाड्यांचं थोडं वेगळं आहे. ‘धिस बस रन्स एव्हरी ट्वेंटी मिनिट्स’ याचं सरळ मराठी ‘दर वीस मिनिटांनी बस आहे’ किंवा ‘बस सुटते’. पण ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी असे मेट्रोचे पहिले टप्पे सुरू झाले तेव्हा ‘मेट्रो धावली’ हेच सगळ्यांच्या तोंडी होतं. ते चुकीचं मुळीच नाही. आगगाडी मराठीत कधीपासून धावते आहे. मात्र वेळापत्रक सांगताना ‘धावते’ घातलं की वाक्य कडक, सरकारी वाटायला लागतं. बातमीत धावू द्या, बोलताना नको.

चौथा ढीग हलणारच नाही अशा गोष्टींचा. रस्ता, भिंत, पाइपलाइन, डोंगराची रांग, साडीचा काठ. लक्ष्मी रस्ता अलका टॉकीजच्या चौकातून क्वार्टर गेटकडे ‘जातो’. भिंत कडेने ‘गेलेली’ असते. काठावरून जरीची तार ‘फिरलेली’ असते. वस्तू जागची हलत नाही, आपली नजर तिच्यावरून जाते, आणि दोन्ही भाषा त्या नजरेला क्रियापद देतात. इंग्रजी ‘रन’ देते, मराठी ‘जाणे’. ही जोडी एकदा मनात बसली की भूगोलाच्या पुस्तकातलं ‘द रेंज रन्स नॉर्थ टु साउथ’ कधीच अडत नाही.

पाचवा ढीग काळाचा आणि आकड्यांचा. करार, मुदत, परंपरा, खर्च. भाडेकरार ‘रन्स फॉर इलेव्हन मंथ्स’, म्हणजे अकरा महिन्यांचा आहे. मराठीला इथे ‘आहे’ पुरतं, जोरकस क्रियापदाची गरजच नसते. खर्च ‘रन्स इंटू लॅक्स’, म्हणजे लाखांच्या घरात जातो. गुण ‘रन्स इन द फॅमिली’, म्हणजे घराण्यातच आहे, रक्तातच आहे.

या पाच ढिगांत न बसणाऱ्या काही चिठ्ठ्या उरतील. त्या कोंबून बसवू नका, बाजूला ठेवा. त्यांतली एक तर मला फार आवडते. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो आणि आपला उमेदवार कसब्यातून किंवा कोथरूडमधून ‘उभा राहतो’. इंग्लंडमध्येही ‘स्टँड’च म्हणतात. अमेरिकेत पळापळ, इथे आणि लंडनला उभं राहणं. असं वाक्य भाषांतराला आलं की आधी ते कुठल्या देशातलं आहे ते बघावं लागतं.

पायरी तिसरी: पुढे नाम आहे का ते बघा

आता प्रत्येक ढिगातल्या चिठ्ठ्यांची आणखी एक चाळणी. ‘रन’नंतर लगेच एखादं नाम आलं आहे का? ‘द मशिन रन्स’ आणि ‘शी रन्स द मशिन’ यांत इंग्रजी क्रियापद जसंच्या तसं राहतं. मराठीत नाही. मशिन चालतं, ती मशिन चालवते. आपल्याकडे मधला ‘व’ हा फरक दाखवतो, इंग्रजीत तो फक्त शब्दांच्या जागेवरून कळतो. मराठी विद्यार्थी वाक्य घाईने वाचतात तेव्हा बहुधा इथेच घसरतात. म्हणून पेन्सिल घेऊन ‘रन’च्या पुढच्या नामाखाली रेघ मारायची सवय लावा.

रेघ मारलेल्या चिठ्ठ्यांपैकी बऱ्याच ‘चालवणे’त बसतील: शाळा, मेस, क्लास, गिरणी. काही ‘फिरवणे’त जातील. केसांतून बोटं फिरवली, यादीवरून नजर फिरवली, इथे इंग्रजीत सर्रास ‘रन’ येतं. उरलेल्या जोड्या मात्र आख्ख्याच शिकाव्या लागतात, तिथे नियम चालत नाही. ‘रन अ टेंपरेचर’ म्हणजे ताप असणे. ‘रन अ रिस्क’ म्हणजे धोका पत्करणे. ‘रन अ स्टोरी’ पेपरच्या कचेरीत ऐकलं तर बातमी छापणे. ‘रन अॅन एरंड’ म्हणजे कोणाचं तरी बाहेरचं काम करून येणे. आणि ‘रन अ रेड लाइट’ म्हणजे सिग्नल तोडणे, ज्यासाठी पुण्यात वेगळं उदाहरण शोधायला जावं लागत नाही.

पायरी चौथी: शेपटीचे शब्द

आउट, अप, इंटू, ओव्हर, ऑफ, थ्रू. या इवल्याशा शब्दांनी ‘रन’चा अर्थ पार बदलतो. सगळ्यांची माहिती एकदम गोळा करू नका. एका आठवड्याला एकच शेपटी घ्या. इथे दोनच दाखवते, पण जवळून.

‘रनआउट’पासून सुरुवात करू, कारण या एका शब्दाला पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये तीन स्वतंत्र घरं आहेत. मैदानावर तो फलंदाजाचा बाद होण्याचा प्रकार, आणि मराठीत त्याला ‘धावचीत’ हा सुरेख शब्द आहे. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकत वाढलेल्या पिढीला तो मुद्दाम शिकावा लागला नाही. स्वयंपाकघरात ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’, म्हणजे साखर संपली. या अर्थाच्या मागे बहुधा ‘ऑफ’ उभा असतो. तो दिसला की खेळ विसरायचा आणि डबा आठवायचा.

तिसरं घर भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये. लेथवर, म्हणजे वस्तू फिरवत कातायच्या यंत्रावर, बांधलेला शाफ्ट (गोल दांडा) हाताने सावकाश फिरवायचा, त्याच्या अंगाला डायल गेजचं, म्हणजे बारीक फरक काट्याने दाखवणाऱ्या मापकाचं, टोक टेकवायचं आणि काट्याकडे बघत राहायचं. शाफ्ट आसावर अगदी नीट बसला असेल तर काटा जागचा हलत नाही. शाफ्ट तिरका बांधला असेल किंवा मुळातच वाकलेला असेल तर काटा एका बाजूला जातो आणि परत येतो. एका पूर्ण फेऱ्यात काटा जेवढा सरकला तेवढा रनआउट. तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. तिथला कारागीर ‘डायल लावून रनआउट बघ’ म्हणतो तेव्हा काही संपलेलं नसतं आणि कोणी बादही झालेलं नसतं. फिरणारी वस्तू आपल्या आसापासून बाहेर किती पळते, एवढाच त्याचा प्रश्न असतो. आयटीआयला जाणाऱ्या मुलाने ही चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहावी, कारण साध्या कोशात हा अर्थ सहसा नसतो आणि त्याच्या पोटापाण्याला नेमका हाच लागणार असतो.

दुसरी शेपटी ‘अप’ची. ‘ही रॅन अप अ हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’. दोन्ही वाक्यांची बांधणी वरवर सारखीच. पहिल्यात तो टेकडीवर धावत गेला, समजा पर्वतीच्या पायऱ्या चढला. दुसऱ्यात त्याने बिल करून ठेवलं, उधारी वाढवली. फरक तपासायची एक युक्ती आहे. नामाच्या जागी ‘इट’ घाला आणि ते शेपटीच्या आधी आणून बघा. ‘ही रॅन इट अप’ हे बिलासाठी चालतं, टेकडीसाठी चालत नाही. म्हणजे बिलाच्या वाक्यात ‘रन’ आणि ‘अप’ मिळून एकच क्रियापद झालं आहे, टेकडीच्या वाक्यात ‘अप’ फक्त दिशा दाखवतो. ही युक्ती ‘ऑफ’, ‘डाउन’, ‘ओव्हर’ यांनाही लावता येते. परीक्षेला बसणाऱ्यांनी ती घोटूनच ठेवावी.

बाकीच्या शेपट्यांचं थोडक्यात. ‘रन इंटू’ माणसाबद्दल असेल तर अचानक गाठ पडणे, भिंतीबद्दल असेल तर धडकणे, अडचणीबद्दल असेल तर अडचणीत सापडणे. ‘रन थ्रू’ म्हणजे एकदा नजरेखालून घालणे. ‘रन ओव्हर’ म्हणजे गाडीखाली चिरडणे, पण मीटिंग ‘रन ओव्हर’ झाली असेल तर ती फक्त लांबली. ‘रन डाउन’ एखाद्या वाड्याबद्दल असेल तर तो मोडकळीला आलेला.

पायरी पाचवी: ‘रन’ नाम असेल तेव्हा

‘अ’ किंवा ‘द’ मागे असेल तर चिठ्ठी वेगळी काढा. इथली सगळ्यात ओळखीची म्हणजे क्रिकेटमधली धाव, आणि तिच्यातच एक गंमत आहे. चेंडू सीमापार गेला तर फलंदाज एकही पाऊल न पळता त्याच्या नावावर चार धावा लागतात. शब्दाचा मूळ अर्थ गळून गेला आणि निव्वळ मोजण्याचं एकक उरलं. पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ ला विश्वचषकात केनियाने १६६ धावा करून वेस्ट इंडिजला ९३ मध्ये गुंडाळलं आणि ७३ धावांनी सामना जिंकला. त्या ७३ धावा कोणीच पळालं नव्हतं, ते दोन धावसंख्यांमधलं अंतर होतं. नामाचा अर्थ क्रियापदापासून किती लांब जाऊ शकतो ते समजवायला मुलांपुढे मी हेच उदाहरण ठेवते.

पुस्तकांच्या धंद्यात ‘प्रिंट रन’ म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रती. मुद्रितशोधनात ‘रन ऑन’ची खूण म्हणजे नवा परिच्छेद करू नका, मजकूर सलग घ्या. बँकेवर ‘रन’ येतो तेव्हा ठेवीदारांची पैसे काढायला झुंबड उडालेली असते. ‘ट्रायल रन’ म्हणजे चाचणी. २ जानेवारी २०२१ ला कोरोना लसीकरणाचा ‘ड्राय रन’ झाला, त्यात पुणे जिल्हाही होता. लस न टोचता नोंदणीपासून निरीक्षणापर्यंत सगळी व्यवस्था एकदा करून पाहिली गेली. याला मराठीत ‘रंगीत तालीम’ म्हणता येतं आणि मला तोच शब्द जवळचा वाटतो, नाटकवेड्या शहरात तर जास्तच.

पायरी सहावी: जे मराठीत मुरलं आहे ते तसंच राहू द्या

काही चिठ्ठ्यांच्या मागे मराठी अर्थ लिहायला घ्याल आणि लक्षात येईल की मराठी माणूस इथे ‘रनिंग’च म्हणतो. ग्रिलवाला दर सांगतो तो रनिंग फुटावर, म्हणजे रुंदी धरायची नाही, फक्त लांबी मोजायची. जुनी गाडी विकणारा ‘रनिंग कंडिशन’ लिहितो, म्हणजे गाडी चालू आहे, न ढकलता घरी नेता येईल. गिऱ्हाईक विचारतं, ‘रनिंग किती झालंय?’ म्हणजे किती किलोमीटर. बांधकामाच्या ठेकेदाराचं ‘रनिंग बिल’ म्हणजे काम चालू असताना झालेल्या कामापुरतं निघणारं बिल. रेल्वेत ‘रनिंग रूम’ म्हणजे इंजिन ड्रायव्हर आणि गार्ड यांची ड्यूटी संपल्यावर झोपायची, जेवायची जागा. नावात पळणं आणि आत विश्रांती, कारण ‘रनिंग स्टाफ’ म्हणजे चालत्या गाडीवर काम करणारे कर्मचारी, आणि ही त्यांची खोली.

या शब्दांना ओढूनताणून संस्कृत प्रतिशब्द देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रिलवाल्याला ‘रेषीय फूट’ सांगून पाहा, तो पुन्हा विचारेल. पण जिथे आपला शब्द जिवंत आहे तिथे तो सोडूही नये. शिवणकामातला ‘रनिंग स्टिच’ म्हणजे धावदोरा. इतका नेमका शब्द घराघरांत असताना मुलींना ‘रनिंग स्टिच’ शिकवायचं कारण नाही.

पायरी सातवी: आता कोश उघडा

कोश सगळ्यात शेवटी, हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल. पण ढीग लावून झाल्यावर कोशातली नोंद एकदम वेगळी दिसते. आकड्यांपुढचे अर्थ वाचताना ‘हा आपला दुसरा ढीग, हा चौथा’ असं मनात लागत जातं आणि आपल्याकडे नसलेले तीन-चार अर्थ चटकन नजरेत भरतात. नोंदीत नाम आणि क्रियापद वेगळे आहेत ना, कर्म लागणारे अर्थ कुठून सुरू होतात, खेळ किंवा यंत्र अशी खूण कुठे आहे, एवढं आधी बघा. मग उदाहरणाची वाक्यं वाचा. अर्थाची ओळ सगळ्यात शेवटी.

मराठी वाचकांसाठी एक उलटी वाटही आहे आणि ती फार थोडे जण वापरतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. शिकागो विद्यापीठाने तो कोश इंटरनेटवर फुकट खुला केला आहे. त्यात मराठी शब्द शोधता येतोच, शिवाय इंग्रजी शब्द टाकून आतल्या सगळ्या मजकुरातही शोधता येतं. ‘रन’ टाकून बघा. ज्या ज्या मराठी शब्दाचा अर्थ सांगताना तो वापरला गेला असे सगळे शब्द समोर येतील, आणि त्यांत कित्येक असे असतील की आजीच्या तोंडी ऐकले होते आणि नंतर हरवले. मोल्सवर्थने सुरू केलेला आणि थॉमस कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. त्याचं मराठी जुनं आहे, पण एका इंग्रजी शब्दापुढे मराठी क्रियापदांची किती रेलचेल असू शकते ते तिथे बघावं.

पायरी आठवी: पाठीमागे मराठी लिहा, मग मोठ्याने वाचा

आता चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूची वेळ. प्रत्येक वाक्याचं मराठी लिहा आणि एक पथ्य पाळा: पहिला ढीग सोडून कुठेही ‘धावणे’ वापरायचं नाही. पथ्य थोडं कडक आहे, पण दुसरी क्रियापदं बाहेर पडायला ते लागतं. मग वाक्य घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवा, इंग्रजी न येणारं कोणी असेल तर उत्तमच. त्यांनी ‘म्हणजे काय?’ असं विचारलं की चिठ्ठी पुन्हा लिहायची.

यानंतर उलट दिशेने जा. मराठीतली ‘धाव’ इंग्रजीत न्या. ‘संकटात देव धावून आला’ यातलं धावणं म्हणजे मदतीला येणं. ‘धावती भेट’ इंग्रजीत उडती होते, ‘फ्लाइंग व्हिजिट’. ‘धावपळ’साठी तर वाक्याप्रमाणे वेगळा शब्द शोधावा लागतो. ‘धावतं समालोचन’ मात्र ‘रनिंग कॉमेंट्री’शी तंतोतंत जुळतं. आणि ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ शब्दशः नेऊन काहीच हाती लागत नाही, तिथे प्रसंग पाहून वाक्यच नवं करावं लागतं. विद्यार्थ्यांकडून ही उलटी बाजू जरूर करून घ्या. आपल्याही भाषेत एकेका शब्दाचे किती अर्थ आहेत ते त्यांना इथे पहिल्यांदा दिसतं आणि इंग्रजीचा धाक बराच कमी होतो.

पुढचा शब्द कोणता घ्यावा?

‘सेट’ घ्या. ऑक्सफर्ड कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद त्याचीच होती. सुरुवातीचे ढीग सोपे आहेत. सूर्य मावळतो, दही लागतं, हाड बसवतात, घड्याळ लावतात, सापळा रचतात, परीक्षक पेपर काढतात, दागिन्यांचा आणि नाटकाचा सेट तसाच राहतो. एक मात्र सांभाळा. पुण्यात ‘यंदा सेटला बसलोय’ असं कोणी म्हणालं तर ती प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं ती. ते इंग्रजी आद्याक्षरांचं लघुरूप आहे, त्याची चिठ्ठी या गठ्ठ्यात घालू नका.